घोडे बुजले, तर भरपाई कुणी द्यायची?

प्राणी आणि कायदा या विषयाची तयारी करताना आम्ही ज्या एका निकालापाशी पुन:पुन्हा येऊन थांबलो, तो निकाल घोड्यांचा आहे. २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दिलेला. पाच न्यायमूर्ती होते, तिघे एका बाजूला आणि दोघे दुसऱ्या बाजूला. वाद होता तो एका पोटकलमातल्या एका वाक्याच्या अर्थाचा. बोलताना असल्या वाक्याची उकल करणं कठीण जातं, ते डोळ्यांसमोर लिहिलेलं लागतं. म्हणून हा लेख.

आधी हकिकत. ऑगस्ट १९९६. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचा डेव्हन परगणा. एका शेतात ठेवलेले घोडे रात्री कशाला तरी बुजले. कशाला, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. विजेच्या तारेचं कुंपण तोडून, त्यामागचा अडसर आणि झाडोरा तुडवून ते बाहेर पडले आणि जवळजवळ मैलभर पळत ए-३८० या मोठ्या रस्त्यावर आले. तिथे एका गाडीची एका घोड्याशी धडक झाली आणि चालवणारा गंभीर जखमी झाला. त्याची काही चूक नव्हती. आता मजा बघा, घोडेवाल्यांचीही काही चूक नव्हती. कुंपण पुरेसं होतं, त्यांनी हलगर्जीपणा केलेला नाही, असा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष होता आणि तो पुढेही कायम राहिला.

म्हणजे दोन निर्दोष माणसं, आणि मधे एक घाबरलेलं जनावर. नुकसान कुणी सोसायचं?

खालच्या न्यायालयाने सांगितलं, घोडेवाल्यांनी नाही. अपील न्यायालयाने ते फिरवलं, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी अपील न्यायालयाचा निर्णय कायम केला: भरपाई घोडे सांभाळणाऱ्यांनी द्यायची. मला या निकालाच्या फळाबद्दल तक्रार नाही. जखमी माणसाला पैसे मिळाले हे योग्यच झालं. तक्रार आहे ती ज्या वाटेने न्यायालय तिथे पोचलं त्या वाटेबद्दल, आणि त्याहून जास्त ती वाट आखणाऱ्या कायद्याबद्दल. हा कायदा ‘भरपाई कुणी द्यायची’ आणि ‘दोष कुणाचा’ या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं जनावराच्या स्वभावात शोधतो. त्यामुळे दोन्ही उत्तरं लंगडी पडतात, आणि जनावराचं म्हणून जे काही आहे ते मधल्या मधे हरवतं.

एक वाक्य, दोन अर्थ

कायद्याचं नाव ‘अ‍ॅनिमल्स अ‍ॅक्ट १९७१’. तो इंग्लंड आणि वेल्सला लागू आहे. त्यात जनावरांचे दोन गट केलेत. एक ‘धोकादायक जातीं’चा: वाघ, सिंह, हत्ती वगैरे. यांनी नुकसान केलं की सांभाळणारा जबाबदार, त्याने कितीही काळजी घेतलेली असो. दुसरा गट बाकी सगळ्यांचा: गाय, घोडा, कुत्रा. यांच्यासाठी कलम २(२) आहे, आणि खरा घोळ तिथे आहे.

या पोटकलमाच्या तीन अटी साध्या मराठीत अशा सांगता येतील. पहिली, नुकसान अशा प्रकारचं हवं की जनावर आवरलं नाही तर ते होण्याचा संभव आहे, किंवा झालंच तर ते गंभीर असण्याचा संभव आहे. दुसरी, हा संभव जनावराच्या अशा एखाद्या गुणामुळे हवा, जो त्या जातीच्या जनावरांत एरवी आढळत नाही, किंवा काही विशिष्ट वेळ वा परिस्थिती सोडली तर एरवी आढळत नाही. तिसरी, सांभाळणाऱ्याला हा गुण माहीत हवा.

दुसरी अट पुन्हा एकदा वाचा. तिचा पहिला अर्धा भाग समजायला सोपा आहे. आपल्याकडे गावात ‘मारकी’ गाय म्हणतात ना, ती ही. सगळ्या गाई मारत नाहीत, ही मारते, आणि मालकाला ते माहीत आहे. मग त्याने ती बाजारात मोकळी सोडली तर जबाबदारी त्याचीच. दुसऱ्या अर्ध्या भागाचं नेहमीचं उदाहरण म्हणजे पिल्लं झालेली कुत्री. एरवी गरीब असते, पण पिल्लांजवळ कुणी गेलं तर चावते. आपल्याकडे नुकत्याच व्यालेल्या गाईजवळ परक्या माणसाला जाऊ देत नाहीत ते याचसाठी.

आता घोडा. घाबरला की उधळणं हा घोड्याचा ‘विशिष्ट परिस्थितीतला’ गुण म्हणायचा, की घोडा म्हटलं की आलंच असा ‘नेहमीचा’ गुण?

लॉर्ड निकल्स, लॉर्ड हॉबहाउस आणि लॉर्ड वॉकर या तिघांनी पहिला अर्थ घेतला. घोडा चोवीस तास उधळत नसतो. भयाच्या परिस्थितीतच उधळतो. म्हणजे गुण ‘विशिष्ट परिस्थितीतला’, म्हणजे अट पुरी, म्हणजे सांभाळणारा जबाबदार. लॉर्ड स्लिन आणि लॉर्ड स्कॉट यांना हे पटलं नाही. घाबरलेला घोडा पळतो यात घोड्याच्या जातीबाहेरचं काय आहे? तो तर कुठलाही घोडा करील. मग या घोड्यांत काही वेगळा धोका होता असं कसं म्हणायचं?

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही अर्थ लागतात, आणि इथेच मसुद्याची पहिली चूक दिसते. हे पोटकलम किचकट आहे, धड कळत नाही, अशी कुरकुर लॉर्ड डेनिंग यांच्यापासून अनेक न्यायाधीशांनी निकालांतच करून ठेवली आहे. २००८ च्या सुमारास ते बदलायला एक खासगी विधेयक आलं, नंतर सरकारने लोकांची मतंही मागवली. पुढे काही झालं नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ इंग्लंडमधला प्रत्येक घोडेवाला, गुरंवाला आणि कुत्रेवाला या एका वाक्याखाली राहतो आहे.

शांत घोडा आणि बुजलेला घोडा

बहुमताचा अर्थ घेतला की काय होतं ते एका तुलनेतून दिसतं.

समजा, रात्री अंधारात तुमच्या गाडीसमोर घोडा आला आणि धडक झाली. घोडा बुजून पळत आलेला असेल तर कलम २(२) लागू होतं आणि तुम्हाला हलगर्जीपणा सिद्ध न करता भरपाई मिळते. पण तोच घोडा उघड्या फाटकातून सावकाश चालत आला असेल, रस्त्यात निवांत उभा असेल तर? वजनदार असणं, रस्त्यात उभं राहणं, या घोड्याच्या सदासर्वकाळच्या गोष्टी आहेत. त्यांत ‘विशिष्ट परिस्थिती’ काही नाही. मग तुम्हाला मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागेल, आणि फाटक कुणा वाटसरूने उघडं टाकलं असेल तर बहुधा हात हलवत परत यावं लागेल.

धडक तीच. मोडणारी हाडं तीच. इस्पितळातले महिने तेच. फरक फक्त त्या क्षणी घोड्याच्या मनात काय चाललं होतं याचा. म्हणजे माणसाची भरपाई घोड्याच्या मन:स्थितीवर अवलंबून, आणि ती मन:स्थिती ठरवायची धडकेनंतर काही वर्षांनी, न्यायालयात, घोडा हजर नसताना.

भिन्नमताच्या अर्थाने ही विसंगती जाते, पण दुसरी येते. पिल्लांची राखण करणं हेही कुत्रीच्या जातीतलंच वर्तन आहे. मग तिने शेजारच्या पोराला फाडलं तर ‘सगळ्याच कुत्र्या असं करतात’ म्हणून मालक सुटणार का? पोटकलमाचा दुसरा अर्धा भाग मग उरतोच कशाला? लॉर्ड निकल्स यांच्या गटाला हीच अडचण दिसली होती आणि ती खोटी नव्हती. त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट म्हणता येते. घोडा पाळायचा की नाही हे घोडेवाला ठरवतो, त्याचा आनंद किंवा धंदा त्याला मिळतो. रस्त्यावरून घरी जाणाऱ्या माणसाने यातलं काहीच ठरवलेलं नसतं. मग धोका कुणी उचलावा?

हा युक्तिवाद मला पटतो. फक्त त्यात घोड्याच्या ‘गुणां’ची गरज कुठे आहे? पाळणाऱ्याने धोका उचलावा हे जर तत्त्व असेल, तर ते शांत घोड्यालाही तितकंच लागू आहे. न्यायालयाने तत्त्व एक सांगितलं आणि कायद्याने हातात दिलेली मोजपट्टी दुसरीच होती.

पुढे न्यायालयांनाही हे जाचायला लागलं असावं. घोड्यावरून पडलेले स्वारही याच पोटकलमाखाली दावे आणू लागले: घोडा दचकला, उसळला, मी पडलो, भरपाई द्या. त्यांना थोपवायला न्यायालयांनी कलम ५(२) हाती घेतलं, म्हणजे ज्याने धोका आपणहून पत्करला त्याला भरपाई नाही. २०१२ साली अपील न्यायालयाने अशाच एका प्रकरणात स्वाराला परत पाठवलं. घोडा दचकून उसळू शकतो हे माहीत असूनच ती स्वार झाली होती. निर्णय रास्त आहे. पण एका दाराने जबाबदारी सताड उघडायची आणि दुसऱ्या दाराने तिला ढकलून बाहेर काढायचं, अशी ही कसरत आहे.

उंट पाळीव की रानटी?

जनावराच्या स्वभावात उत्तर शोधायची ही सवय १९७१ च्या आधीची आहे. तिची दोन उदाहरणं आपल्याला जवळची वाटतील.

लंडनच्या एका सर्कशीत बुल्लू नावाचा ब्रह्मदेशातून आणलेला हत्ती होता. एक छोटा कुत्रा अंगावर भुंकत आला, बुल्लू बिथरला, कुत्र्यामागे वळला, आणि त्या गडबडीत बाजूचा खेळाचा मांडव कोसळून आतले कलाकार जखमी झाले. १९५७ साली न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी निकाल दिला. हा हत्ती शिकवलेला आहे, गाईइतका गरीब आहे, त्याने कुणावर हल्ला केलेला नाही, तो केवळ घाबरला, हे सगळं त्यांनी मान्य केलं. तरीही सर्कस जबाबदार. कारण? इंग्लिश कायद्याच्या लेखी हत्ती ही जात रानटी. १८९० सालच्या एका निकालात तसं ठरून गेलं होतं. ब्रह्मदेशात पिढ्यान्‌पिढ्या हत्ती लाकडं ओढतात, माहूत त्यांच्याबरोबर जन्म काढतात, याचा काही उपयोग झाला नाही.

उंटाचं उलट झालं. १९४० साली प्राणिसंग्रहालयातला उंट एका माणसाच्या हाताला चावला. तेव्हा अपील न्यायालयाने उंटाला पाळीव ठरवलं, कारण जगात उंट माणसाच्या सेवेतच असतात, रानटी उंट जवळजवळ कुठे नाहीत. मग १९७१ चा कायदा आला. त्यात धोकादायक जातीची व्याख्या करताना ‘ब्रिटिश बेटांवर सर्वसाधारणपणे पाळली न जाणारी’ अशी अट घातली. झालं, उंट धोकादायक झाला, आणि १९८० मधल्या उंटांच्या शर्यतीच्या एका प्रकरणात न्यायालयाने तसं धरलंही. उंटात काही बदल झाला नव्हता. राजस्थानातल्या रबारी माणसाला तुमचा उंट कायद्याने वाघाच्या पंक्तीत बसतो असं सांगितलं तर तो काय म्हणेल?

हे नुसतं वसाहतकाळातलं अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. यात एक पद्धत आहे. जनावराने काय केलं, त्याला कुणी कसं ठेवलं होतं, त्याच्यावर काय गुदरलं, हे न विचारता ‘हे जनावर मुळात आहे काय?’ असं विचारायचं. बुल्लूचं भय न्यायालयाला स्पष्ट दिसलं होतं. ते कुठल्या खान्यात टाकायचं हे मात्र कळलं नाही, म्हणून जातीचा खाना वापरला.

फितीने मोजलेला धोका

या पद्धतीचं टोक पाहायचं असेल तर ‘डेंजरस डॉग्ज अ‍ॅक्ट १९९१’ पाहावा. कुत्र्यांच्या हल्ल्यांनी देश हादरला असताना, गृहमंत्री केनेथ बेकर यांच्या काळात, तो घाईघाईने झाला. चार प्रकारांच्या कुत्र्यांवर बंदी आली: पिट बुल टेरियर, जपानी तोसा, दोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. सुरुवातीला तर असा कुत्रा सापडला आणि गुन्हा शाबीत झाला की न्यायाधीशाला पर्यायच नव्हता, कुत्रा मारायचाच. ती सक्ती १९९७ च्या दुरुस्तीने सैल झाली.

त्यात पाचवा प्रकार आला तो अमेरिकन एक्सएल बुली. ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये त्याची विक्री, पैदास, देणगी बंद झाली, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीचं प्रमाणपत्र नसताना तो बाळगणं हा गुन्हा ठरला. प्रमाणपत्राला ९२ पौंड ४० पेन्स शुल्क, शिवाय नसबंदी, मायक्रोचिप, बाहेर नेताना साखळी आणि मुसकं, आणि तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा. आणि एक्सएल बुली ओळखायचा कसा? सरकारी वर्णन आहे: पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची २० इंच (५१ सेंमी) किंवा जास्त, मादीची १९ इंच (४८ सेंमी), डोकं रुंद, छाती भरदार, वगैरे. आईबाप कोण, पैदाशीचे कागद काय म्हणतात, याला महत्त्व नाही. कुत्रा आजवर कुणाला चावलाय का, यालाही नाही. दिसतो कसा तेवढंच.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. या कुत्र्यांनी माणसं मारली होती, त्यांत मुलंही होती. अशा वेळी ‘आधी प्रत्येक कुत्र्याची वागणूक तपासू’ असं सरकार म्हणू शकत नाही, आणि मोठ्या ताकदीचा जबडा चावला तर जखम मोठी होते हे उघड आहे. म्हणून या कुत्र्यांवरच्या मुसकं-साखळीच्या अटींना माझा विरोध नाही. पण कायद्याने १९९१ पासून जो धडा शिकायला हवा होता तो शिकला नाही. चार प्रकारांवर बंदी आल्यावर वाईट हेतूने ताकदवान कुत्रा पाळणारी माणसं संपली नाहीत. ती पाचव्या प्रकाराकडे वळली. सहावा येईल तेव्हा पुन्हा फीत काढावी लागेल. २०१८ साली संसदेच्याच एका समितीने या जातवार बंदीचा पुनर्विचार करा असं सांगितलं होतं, आरएसपीसीएसारख्या संस्था तर वर्षानुवर्षं सांगत आहेत.

गंमत म्हणजे त्याच कायद्याचं तिसरं कलम बरंच शहाणं आहे. कुठल्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या हाताबाहेर गेला तर तो सांभाळणारा गुन्हेगार. २०१४ पासून हे खासगी जागेलाही लागू आहे, आणि माणूस दगावला तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत आहे. इथे प्रश्न विचारला जातो तो वागण्याचा आणि आवरण्याचा. एकाच कायद्याची दोन कलमं, आणि दोन वेगळी डोकी.

भीती: एका कायद्यात दुःख, दुसऱ्यात दुर्गुण

आता दुसरा धागा. जनावरांचा छळ थांबवणारा कायदा ब्रिटिश संसदेने १८२२ सालीच केला, रिचर्ड मार्टिन यांनी आणलेला, गुराढोरांपुरता. दोन वर्षांनी पुढे आरएसपीसीए म्हणून नावाजलेली संस्था उभी राहिली. या परंपरेतला आजचा मुख्य कायदा ‘अ‍ॅनिमल वेलफेअर अ‍ॅक्ट २००६’. त्याचं चौथं कलम विनाकारण यातना देण्याला गुन्हा ठरवतं, आणि २०२१ पासून त्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर गेली आहे. पण त्यातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं कलम नववं. ते म्हणतं, छळ होईपर्यंत वाट बघू नका. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या गरजा पुरवल्या पाहिजेत: राहायला योग्य जागा, योग्य खाणं, जातीला साजेसं वागायची मोकळीक, गरजेप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि वेदना, यातना, इजा, आजार यांपासून बचाव. याच कायद्यात ‘यातना’ या शब्दाची व्याख्या शारीरिक आणि मानसिक अशी दोन्ही केली आहे.

म्हणजे २००६ चा कायदा जनावराच्या भीतीला दुःख म्हणू शकतो. १९७१ चा कायदा त्याच भीतीला ‘गुण’ म्हणतो, आणि त्यातून सांभाळणाऱ्याची जबाबदारी काढतो. दोन्ही कायदे एकाच देशात, एकाच घोड्याला, एकाच रात्री लागू आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. २०२२ च्या ‘सेन्शन्स अ‍ॅक्ट’ने पाठीचा कणा असलेले प्राणी, शिवाय ऑक्टोपस आणि खेकड्यांसारखे जीवही संवेदनक्षम आहेत हे मान्य केलं, पण तो कायदा सरकारच्या धोरणांवर अहवाल देणारी एक समिती नेमतो. नुकसानभरपाईच्या खटल्यात त्याचा काही शिरकाव नाही.

डेव्हनच्या प्रकरणात कुंपण पुरेसं होतं का, हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर ‘हो’ आलं. पण दोषनिरपेक्ष जबाबदारीच्या हिशेबात त्या ‘हो’ला किंमत शून्य. उत्तम कुंपण घालणारा आणि मोडक्या दोरीवर भागवणारा, दोघांचं बिल सारखंच. याचा अर्थ चांगलं सांभाळण्याचं बक्षीस कायदा देत नाही. पुढे विमा महागतो, लहान रायडिंग स्कूलवाले मेटाकुटीला येतात, २००८ च्या विधेयकामागे त्यांचीच ओरड होती. आणि घोड्याला त्याच्या भीतीपासून वाचवण्याचा प्रश्न कुणी विचारतच नाही.

भारतीय दंड संहितेकडे पाहताना

हे सगळं वाचताना भारतातलं एक जुनं कलम आठवणं साहजिक आहे. ब्रिटिशांनीच १८६० साली केलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम २८९. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा मोठ्या दुखापतीचा संभाव्य धोका टाळायला पुरेशी व्यवस्था जाणूनबुजून वा हलगर्जीपणाने न करणं, हा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९१ झालंय, मजकूर जवळजवळ तोच. यात जात नाही, गुण नाही, उंची नाही. पुरेशी व्यवस्था केली की नाही, एवढंच. शिक्षा किरकोळ आहे, अंमलबजावणी त्याहून किरकोळ. पण दोषाचा प्रश्न विचारायची पद्धत सरळ आहे. घरी इंग्लिश न्यायाधीश उंटाची जात ठरवत बसायच्या कितीतरी आधी वसाहतीसाठी लिहिलेला मसुदा सांभाळणाऱ्याकडे बोट दाखवत होता.

तरी भारतातही फितीचा मोह झालाच. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे इकडे एक्सएल बुलीवरची बंदी पुरी झाल्यावर दीड महिन्याच्या आत, केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींचे कुत्रे ‘हिंस्र’ ठरवून त्यांची आयात, विक्री, पैदास थांबवायला राज्यांना कळवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढलं होतं हा त्यातला एक मुख्य आक्षेप. भारतातला मोठा प्रश्न तर रस्त्यावरच्या कुत्र्यांचा आहे, जिथे सांभाळणाराच नाही. तिथे ना १९७१ चा इंग्लिश कायदा कामाचा ना कलम २९१. तिथे जबाबदारी पालिकेची, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जो गदारोळ झाला तो त्याचाच. तो स्वतंत्र विषय आहे.

दोन प्रश्न, दोन खाती

मग करायचं काय? मला वाटतं, कलम २(२) ची दुरुस्ती म्हणजे दुसरी अट अधिक स्पष्ट लिहिणं नव्हे. ती अटच काढायला हवी.

भरपाईचा प्रश्न जनावराच्या स्वभावाशिवाय सोडवता येतो. मोटारीचं बघा. तिसऱ्या माणसाचा विमा ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने सक्तीचा झाला, कारण रस्त्यावर धोका आणणाऱ्याने त्याची सोय आधी करावी. वाघ-सिंह पाळणाऱ्यांना १९७६ च्या कायद्याने परवान्यासोबत विमा लागतोच. एक्सएल बुलीवाल्यांनाही लागतो. मग घोडा, गुरं आणि सगळेच कुत्रे यांना का नाही? धोका कमी तर हप्ता कमी. जखमी माणसाला पैसे मिळावेत, घोडा शांत होता की बुजला होता हा वाद न घालता.

स्कॉटलंडने १९८७ साली आपला वेगळा कायदा केला तेव्हा यातलं थोडं ओळखलं होतं. तिथे दोषनिरपेक्ष जबाबदारी मुख्यत: हल्ला करणं, चावणं, गुरांनी चारा-पीक खाणं-तुडवणं अशा धोक्यांना लागू आहे, आणि जनावर केवळ रस्त्यावर असल्यामुळे झालेली इजा त्यातून स्पष्ट शब्दांत वगळली आहे. मसुदा इंग्लंडच्या कायद्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे. पण गाडीवाल्याच्या पदरी हलगर्जीपणा सिद्ध करण्याचं ओझं तिथेही उरतंच, म्हणून विमा हवाच.

दोषाचा प्रश्न वेगळ्या खात्यात जावा, आणि त्या खात्याची मोजपट्टी २००६ च्या नवव्या कलमात तयार आहे. जागा कशी होती, सोबत होती का, घाबरवणाऱ्या गोष्टींपासून बचाव होता का, कोंडून ठेवून डिवचलं होतं का? ज्याने हे नीट केलं त्याच्यावर ठपका नको आणि विम्याचा हप्ताही कमी हवा. ज्याने केलं नाही त्याने जनावराचंही नुकसान केलं आणि माणसाचंही, आणि ही दोन्ही एकाच हलगर्जीपणाची फळं आहेत हे कायद्याने बोलून दाखवावं. साखळीला बांधून, उपाशी ठेवून, मारून तिखट केलेला कुत्रा जेव्हा पोराला चावतो, तेव्हा आज छळाचा खटला एकीकडे आणि चाव्याचा दुसरीकडे चालतो. वस्तुत: ती एकच हकिकत आहे.

विलायतेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता कुत्रा आहे, आणि शनिवार-रविवारी शेतांतल्या पायवाटांवरून, वासरंवाल्या गाईंच्या कळपाजवळून फिरणारेही बरेच आहेत. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या विम्यात कुत्र्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसान धरलंय का, हे एकदा कागद काढून बघा. पुष्कळांना ते धरलेलं आहे असं नुसतं वाटत असतं.